नव्या सायकलीचे पायडल : घेताना काय पाहावे?



ऊस विकास विभागाने बेण्यावर लिहावे, खोडव्यावर लिहावे, पाचट कुजविण्यावर लिहावे. सायकलीच्या पायडलावर लेख लिहायला यांना कोणी सांगितले, असे काही सभासद म्हणतील. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण हा लेख आमच्याकडून देणे होता, आणि देणे फेडलेले बरे.

झाले असे. दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात आमच्या एका गटातील सभासदाने मुलीसाठी नवी सायकल घेतली. मुलगी आठवीत गेली होती. वस्तीवरून शाळा चार किलोमीटर, त्यातला अर्धा रस्ता पाटाच्या कडेचा. आम्ही त्या दिवशी आडसालीच्या लागणीसाठी रान बघायला गेलो होतो. सभासद म्हणाले, "साहेब, सायकल बघा बरं कशी आहे." आम्ही रंग पाहिला, टायर दाबून पाहिले, ब्रेक ओढून पाहिला, घंटी वाजवली आणि "झकास आहे" म्हणून चहा पिऊन निघालो. पायडलाकडे आमचे लक्षही गेले नाही.

तिसऱ्या आठवड्यात पाटाच्या चढाला मुलगी उभी राहून पायडल मारत असताना डावे पायडल क्रँकमधून आटे खरवडून निघाले. पाय एकदम खाली गेला, सायकल आडवी झाली आणि मुलगी पाटाच्या दगडी पिचिंगवर पडली. पाट नुकताच बंद झाला होता, म्हणून पाण्यावरचे संकट दगडावर निभावले. गुडघा फुटला, नडगीला चार टाके पडले. सायकल दुरुस्तीला गेली ती बारा-तेरा दिवस तिकडेच. दरम्यान घरात बोलणे सुरू झाले की, पोरीच्या जातीला रोज एवढ्या लांब एकटीला पाठवायचे कशाला? एका पायडलावरून मुलीच्या शिक्षणापर्यंत गोष्ट आली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा आजीबाई म्हणाल्या, "तुम्हीच झकास म्हणाला होतात ना?" त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

सायकल पाहिली तेव्हा कारण कळले. दुकानातल्या पोऱ्याने डावे पायडल वाकडे धरून जबरदस्तीने पिळले होते. आटे पहिल्या दिवशीच चढले नव्हते, फक्त अडकून बसले होते. पाहणाऱ्याला हे दोन मिनिटांत दिसले असते. पण काय पाहायचे ते आम्हाला ठाऊक नव्हते. तेव्हापासून आम्ही चार मिस्त्रींना विचारले, पायडले उघडून पाहिली आणि जे समजले ते येथे मांडत आहोत.

पायडलाचे काम किती?

सायकल प्रथम निघाली तेव्हा तिला पायडल नव्हतेच. १८१७ साली जर्मनीत द्राइस नावाच्या गृहस्थाने दोन चाकांचे लाकडी वाहन केले, त्यावर बसून पायाने जमीन रेटीत पुढे जायचे. १८६० नंतरच्या दहा वर्षांत फ्रान्समध्ये पुढच्या चाकाला पायडल आले. पुढे १८८५ साली इंग्लंडमध्ये स्टार्ले यांनी मधे पायडल, मागे साखळी आणि दोन सारखी चाके अशी सायकल बाजारात आणली. आज आपण वापरतो ती त्याच घडणीची. आपल्या देशात स्वातंत्र्याच्या सुमारास सायकलींचे मोठे कारखाने उभे राहिले. मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल्स १९४९ साली, सोनीपतला ॲटलस १९५१ साली, तर लुधियान्याची हीरो १९५६ साली सायकली करू लागली. हीरोचे मुंजाल बंधू सुरुवातीला सायकलीचे सुटे भागच विकत आणि करीत असत. १९८६ साली हीरोची नोंद जगातला सर्वांत मोठा सायकल कारखाना म्हणून झाली. ॲटलसचा शेवटचा कारखाना मात्र जून २०२० मध्ये बंद पडला. आजही सायकलीचे बहुतेक सुटे भाग लुधियान्यातूनच येतात. तुमच्या पायडलाचे गावही बहुधा तेच.

आपल्या भागात १९५० साली प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि त्यानंतर जिल्हाभर कारखानदारी वाढली. त्या काळापासून ऊस विभागाचे काम सायकलीवरच चालत आले. लागणीच्या नोंदी घेणारा चिटबॉय, पाटकरी, दूध घालणारा, पोस्टमन, शाळामास्तर अशा सगळ्यांना सायकलीनेच हिंडवले. पुढे मोटारसायकली आल्या. तरी वस्तीवरच्या शाळकरी पोरांना आणि शेतावर वैरण आणणाऱ्या म्हाताऱ्यांना आजही सायकलच लागते.

आता हिशेब करू. पुढच्या मोठ्या चक्राला ४४ दात आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दात धरले, तर पायडलाच्या एका फेरीत मागचे चाक सुमारे अडीच वेळा फिरते. २८ इंची चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास असतो. म्हणजे एका फेरीत सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. एका किलोमीटरला सुमारे १८३ फेऱ्या झाल्या. शाळा चार किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन आठ किलोमीटर, म्हणजे दिवसाला दीड हजाराच्या घरात फेऱ्या. वर्षात शाळा २२० दिवस भरली असे धरले तर सव्वातीन लाखांच्या जवळपास फेऱ्या होतात. उतारावर पाय थांबतो, तेवढ्या वजा करा. तरीही प्रत्येक पायडलावर वर्षाला दोन-तीन लाख वेळा पाय दाबला जातो आणि तितक्याच वेळा उचलला जातो.

बांधणीची तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच दहा-वीस वेळा इकडून तिकडे वाकवली की हातात दोन तुकडे येतात. लोखंड एका जोराने क्वचित तुटते. पुन्हा पुन्हा पडणाऱ्या ताणाने थकून तुटते. पायडलाची दांडी तुटते ती अशीच. म्हणून "काल तर चांगली होती" या बोलण्याला अर्थ नाही. आतली बारीक चीर महिनाभर आधी पडलेली असते.

पायडल कुठे हरते?

पायडल उघडले तर आत मोजक्याच वस्तू असतात. मधे पोलादी दांडी, तिला मिस्त्री एक्सल म्हणतात. तिच्या एका टोकाला आटे असतात, ते क्रँकमध्ये बसतात. दांडीवर आतल्या आणि बाहेरच्या बाजूला छर्ऱ्यांची एकेक ओळ. छर्रे कोन आणि वाटी यांच्यामध्ये फिरतात. बाहेरच्या टोकाला कोन, वायसर, चेकनट आणि त्यावर टोपी. या सगळ्याभोवती पाय ठेवायचा सांगाडा.

पायडल बिघडण्याच्या जागा चार.

पहिली, दांडीचा गळा. जिथे आटे संपून दांडी क्रँकला टेकते तिथे सर्वांत जास्त ताण पडतो. पाय क्रँकपासून दोनेक इंच बाहेर असतो, त्यामुळे पायाचा सगळा भार या गळ्यावर तरफेसारखा पडतो. पाय जितका बाहेरच्या टोकाला, तितका ताण अधिक. पायडलाच्या कडेवर पाय ठेवून सायकल मारायची सवय मुलांना असते, ती मोडावी.

दुसरी, क्रँकचे आटे. पायडल सैल राहिले किंवा वाकडे चढवले की हे आटे खरवडले जातात. वर सांगितलेली गोष्ट याच जागेची.

तिसरी, छर्रे. पाटाचे पाणी, काळ्या रानाचा चिखल आणि उन्हाळ्यातला फुफाटा आत गेला की ग्रीस निघून जाते, छर्रे गंजतात, फुटतात. मग पायडल कर्रकर्र वाजते आणि जाम होते.

चौथी, सांगाडा. रबर निघते, पत्रा वाकतो, प्लास्टिक असेल तर चिरते. त्यातल्या त्यात ही जागा कमी धोक्याची, कारण ती डोळ्यांना दिसते. पहिल्या तीन दिसत नाहीत.

बाजारात काय मिळते?

काळ्या साध्या सायकलीला येते ते रबरी पायडल. पोलादी सांगाड्यात दोन्ही बाजूंनी रबराचे ठोकळे आणि आत छर्रे. वजनाला जड, दिसायला जुने. पण आपल्या वापराला अजून याच्या तोडीचे दुसरे नाही. अनवाणी पायाला, चपलेला, ओल्या पायाला ते चालते. रबर झिजले तर नवे टाकता येते आणि दुरुस्त करणारा मिस्त्री गावोगाव भेटतो. त्यातही दोन जाती आहेत. एकात बाहेरची टोपी फिरवून किंवा उचकून काढता येते आणि आतला चेकनट उघडता येतो. दुसऱ्यात टोक रिबीट मारून कायमचे बंद केलेले असते. ते उघडत नाही, त्यात ग्रीस भरता येत नाही, ते जाम झाले की फेकायचे. घेताना उघडणारेच मागावे.

पोरांना आवडणाऱ्या जाड टायरच्या नव्या सायकलींना बहुधा प्लास्टिकचे पायडल असते. सगळे प्लास्टिक वाईट नसते. चांगल्या नायलॉनचा सांगाडा, आत पोलादी दांडी आणि छर्रे असे पायडल हलके असते आणि टिकतेही. पण स्वस्त सायकलीत छर्ऱ्यांच्या जागी नुसते प्लास्टिकचे बूश असते. ते सुरुवातीला मऊ फिरते, नंतर झिजून ढिले होते आणि पायडल डुगडुगायला लागते. त्याला दुरुस्ती नाही. शिवाय हलके प्लास्टिक बाराही महिने उन्हात राहिले की ठिसूळ होते.

तिसरे ॲल्युमिनियमचे पायडल. दिसायला सुरेख आणि गंजत नाही. पण पाय घसरू नये म्हणून त्याला दाते किंवा खिळे असतात. बूट घालणाऱ्याला ते चांगले, अनवाणी पायाला आणि नडगीला वाईट. पातळ चपलेचा तळही ते खाते. साडी किंवा सलवार घालून सायकल चालवणाऱ्या बायका-मुलींनी अशा दात्यांचे पायडल घेऊ नये, कापड अडकते.

चौथे, बंद बेअरिंगचे पायडल. यात चिखलपाणी सहजासहजी शिरत नाही आणि वर्षानुवर्षे हात लावावा लागत नाही. किंमत जास्त. घेण्याआधी दुकानदाराला एकच विचारावे : "बेअरिंग गेले तर नवे मिळेल का, आणि टाकून कोण देईल?" उत्तर मिळाले नाही तर ते पायडल शहरवाल्यांसाठी सोडून द्यावे.

लहान मुलांच्या काही सायकलींत दोन्ही बाजूंच्या क्रँक आणि मधली दांडी मिळून एकच वाकवलेली सळई असते. तिच्या पायडलाचे माप अर्धा इंच असते. मोठ्या सायकलीचे माप अर्ध्या इंचाहून अर्धे सूत मोठे, म्हणजे एक इंचाचे सोळा भाग केले तर त्यातले नऊ. एकाचे पायडल दुसऱ्याला बसत नाही. "थोडे ठोकले की बसेल" असे कोणी म्हणाले तर सायकल घेऊन सरळ घरी यावे.

दुकानात उभ्या उभ्या कसे पारखावे?

आपण बेणे घेताना काय करतो? वय विचारतो, डोळा फुगीर आहे का बघतो, कांडी कापून आत तांबडे नाही ना ते बघतो. नुसता हिरवागार पाला बघून बेणे घेणारा फसतो. सायकल घेताना मात्र आपण नेमका पालाच बघतो. तेव्हा पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात.

१. सायकल स्टँडवर लावा. पायडल बोटाने हलकेच फिरवा. ते दोन-चार गिरक्या घेऊन सावकाश थांबले पाहिजे. मधेच अडखळले तर कोन जास्त आवळला आहे किंवा छर्ऱ्यात कचरा आहे.

२. पायडल मुठीत धरून आत-बाहेर आणि वर-खाली हलवा. खटखट लागता कामा नये. बारीकशी हालचाल कोन आवळून जाते. पण प्लास्टिकच्या बूशवाले पायडल नवेपणीच हलत असेल तर घेऊ नका.

३. आता क्रँक हाताने फिरवा आणि मागे उभे राहून पायडलाकडे बघा. ते सरळ राहिले पाहिजे. एका फेरीत वर-खाली डोलत असेल तर दांडी वाकडी आहे किंवा आटे वाकडे चढले आहेत. अशी सायकल रोज चालवली तर पायडल तर जाईलच, गुडघाही दुखेल.

४. पायडल क्रँकला जिथे टेकते तिथे नख घाला. दांडीचा खांदा क्रँकला सगळीकडून सारखा चिकटलेला पाहिजे. एका बाजूला फट दिसली तर पायडल वाकडे चढले आहे. बाहेर दोन-तीन आटे उघडे दिसत असतील तर पुरते आवळलेले नाही. आम्ही त्या दिवशी एवढी एक गोष्ट पाहिली असती, तर हा लेख लिहायची पाळी आली नसती.

५. दांडीच्या टोकावर किंवा खांद्यावर इंग्रजी 'एल' आणि 'आर' अक्षरे असतात. 'एल' डावीकडे, 'आर' उजवीकडे. बसलेल्या माणसाचा डावा-उजवा धरावा, समोरून पाहणाऱ्याचा नव्हे.

६. रबर नखाने दाबा. दबून परत वर आले पाहिजे. नखाचा व्रण तसाच राहिला किंवा रबराची भुकटी सुटली तर ते एका पावसाळ्याचे सोबती.

७. बाहेरच्या टोकाला टोपी आहे का पाहा. टोपी नसेल तर तिथूनच धूळपाणी आत जाते. पुष्कळ सायकलींची टोपी दुकानातच हरवलेली असते. मागून घ्या.

८. पायडलाच्या पुढे-मागे पिवळे चकाकणारे तुकडे, म्हणजे रिफ्लेक्टर, आहेत का पाहा. ही शोभेची वस्तू नाही. गळीत हंगामात आपल्याच ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि ट्रक रात्रंदिवस रस्त्यावर असतात. ड्रायव्हरला मागच्या मडगार्डावरचा स्थिर लाल ठिपका कधी कधी कळत नाही. पण वर-खाली होणारे दोन पिवळे ठिपके दिसले की पुढे सायकलवाला आहे हे लगेच ओळखू येते.

इतके करायला पाच मिनिटे पुरतात. दुकानदार घाई करील. त्याला म्हणावे, सायकल आम्हाला दहा वर्षे वापरायची आहे, तुम्हाला आजच विकायची आहे. सायकलीबरोबर आलेले पायडल पसंत नसेल तर तिथेच बदलून घ्या. पूर्ण सायकलीच्या किमतीपुढे चांगल्या पायडलाचा जादा खर्च थोडाच असतो. आणि बदलायचेच असेल तर क्रँकचे आटे शाबूत असतानाच बदललेले बरे.

डाव्या पायडलाचे आटे उलटे का?

हे बहुतेकांना ऐकून माहीत असते, पण कारण विचारले तर सांगता येत नाही. उजव्या पायडलाचे आटे नेहमीसारखे, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आवळणारे. डाव्याचे उलटे.

घरी करून पाहा. चहाच्या रिकाम्या पेल्यात पेन्सिल उभी धरा. आतल्या कडेला दाबत, घसरू न देता, तिला घड्याळाच्या दिशेने पेल्याभोवती फिरवा. पेन्सिल पेल्याच्या कडेने एका दिशेला जाते, पण स्वतःभोवती गिरकी मात्र उलट्या दिशेने घेते. पायडलाची दांडी क्रँकच्या भोकात अशीच असते. कितीही आवळली तरी केसभर जागा राहते. क्रँक गोल फिरते, पण पायाचा दाब कायम खालच्याच बाजूला. म्हणून भोकाच्या आत हा दाब गोल फिरत राहतो आणि दांडीला किंचित किंचित गिरकी देत राहतो. उजवीकडे ही गिरकी नेहमीच्या आट्यांना आवळणारी असते. डावीकडे ती उलटी होते, म्हणून तिथले आटेही उलटे ठेवले. चालवता चालवता पायडल आवळत राहावे, सैल होऊ नये, यासाठी ही योजना.

पण ही योजना पायडल मोकळे फिरत असेल तरच चालते. छर्रे जाम झाले की पायडल दांडीला धरून ठेवते आणि क्रँक फिरली की दांडीला उलट पिळते. मग तेच पायडल सैल होऊ लागते. तेव्हा कर्रकर्र वाजणारे पायडल नुसते त्रासाचे नाही, धोक्याचेही आहे.

पायडल बसवायचा-काढायचा नियम दोन्ही बाजूंना एकच आहे आणि तो पोरांनाही पाठ होतो. पाना वरच्या बाजूला उभा धरा. पुढच्या चाकाकडे ओढला की आवळते, मागच्या चाकाकडे ओढला की सुटते. पाना पंधरा नंबरचा लागतो. आट्यांना ग्रीस लावा, पायडल बोटांनी चढवा. चार-पाच फेरे बोटांनीच गेले पाहिजेत. पहिल्याच फेऱ्याला पाना लावावा लागला तर समजा की आटे वाकडे बसताहेत किंवा डावे-उजवे चुकले आहे. तिथेच थांबा, काढा, पुन्हा सरळ लावा. शेवटी पान्याने घट्ट आवळा. आठवड्याने पुन्हा एकदा पाना लावून पाहा. नवी सायकल पहिल्या आठवड्यात सगळीकडेच थोडी सैलावते.

आवाज कुठून येतो?

पायडलाचा आवाज आला की लोक पायडल बदलतात आणि आवाज तसाच राहतो. प्रत्येक फेरीला एकदा 'खट' होत असेल तर आधी क्रँकची कॉटर पिन पाहा. दोन्ही क्रँक आडव्या करून ब्रेक दाबून धरा आणि पुढच्या पायडलावर जोर द्या. मग अर्धी फेरी फिरवून तसेच करा. क्रँक खटकन हलली तर कॉटर सैल आहे. क्रँक हलत नाही पण पायडल मुठीत हलते, तर दोष पायडलात. दोन्ही क्रँक मिळून डावी-उजवीकडे हलतात, तर मधल्या बी.बी. एक्सलचे काम आहे. आधी दोष शोधावा, मग खर्च करावा. पिवळा पडलेला ऊस दिसला की लगेच युरिया टाकणारे सभासद आम्हाला माहीत आहेत. कारण पुष्कळदा साचलेले पाणी असते.

निगा

वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, पायडल उघडून घ्यावे. आपण दसऱ्याला अवजारे धुतो, त्यांची पूजा करतो. हार घालण्याच्या आदल्या दिवशी सायकलीचे पायडल उघडले तर पूजा खरी होईल. टोपी काढा, चेकनट आणि कोन सोडवा, छर्रे वाटीत काढून मोजा. खाली जुने कापड अंथरा, नाहीतर एक छर्रा अंगणात आणि तुम्ही गुडघ्यांवर. सगळे रॉकेल किंवा डिझेलने धुवा, पुसा. डाग पडलेला किंवा चपटा झालेला एक जरी छर्रा दिसला तरी सगळे नवे टाका; जुन्या-नव्याची भेसळ करू नका. ग्रीस भरून पुन्हा बसवा. कोन इतकाच आवळा की पायडल मोकळे फिरेल पण हलणार नाही. बसवताना दांडीचा गळा कापडाने पुसून उजेडात बघा. बारीक रेघ दिसली तर पायडल लगेच टाकून द्या, त्याच्याशी काटकसर करू नका.

वरून तेलाचे दोन थेंब सोडून भागते असे पुष्कळांना वाटते. त्याने कर्रकर्र आठ दिवस थांबते. पण तेलाला धूळ चिकटते, ती आत जाते, आणि नवव्या दिवशी पहिल्यापेक्षा वाईट.

सायकल चारीच्या पाण्यातून चालवत नेली, धुण्याच्या पाण्यात बुडवून धुतली, तर त्या वर्षी पायडल दोनदा उघडावे. वैरणीचा भारा आणि दुधाचे कॅन एकाच वेळी लादून, पायडलावर उभे राहून चढ चढू नये. तिथे उतरून सायकल ढकलण्यात कमीपणा नाही.

शेवटी

त्या मुलीच्या सायकलीची क्रँक बदलली, दोन्ही बाजूंना उघडणारी रबरी पायडले टाकली. आजीबाईंची समजूत पटायला पायडलापेक्षा जास्त वेळ लागला. त्यासाठी आम्हाला तीन वेळा वस्तीवर जावे लागले. तिसऱ्या वेळी मुलीने स्वतःच पाना घेऊन पायडल काढून, ग्रीस लावून, पुन्हा चढवून दाखवले. आजीबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हिला येतंय की. मग जाऊ द्या." ती यंदा दहावीत आहे आणि त्याच सायकलीवर शाळेत जाते.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात पाटपाण्याने ऊस आला, उसाने कारखाने आले, कारखान्यांच्या आधाराने शाळा-कॉलेजे आली. शाळा गावात आली तरी वस्ती गावापासून लांबच राहिली. ते मधले अंतर पोरांना पायडल मारूनच कापावे लागते. तेव्हा येत्या जूनमध्ये कोणी सायकल घेणार असेल तर रंग पोराला निवडू द्या, पायडल तुम्ही पारखा.

आमच्या गट कार्यालयात एक पंधरा नंबरचा पाना आणि ग्रीसचा डबा ठेवला आहे. नवी सायकल घेतली की नोंदीच्या कामाला येताना बरोबर आणावी. पायडल पाहून, आवळून देऊ. पुन्हा नुसते "झकास आहे" म्हणून चहा पिऊन जाणार नाही.

— ऊस विकास अधिकारी